सॉफ्टवेअरच्या आधी ढोलकी काढा

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत वराती नसतात. नशिराबादेतल्या आम्हा बँडवाल्यांना तेवढीच सवड. मी कीबोर्ड वाजवतो, आणि बँडातला जुना म्हणून गावातली पोरं मला मास्तर म्हणतात. या दिवसांत ती घरी येतात. बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो : "मास्तर, बीट बनवायचीय. एफएल टाकू का एबलटन?" एखादा नुसता मोबाईल पुढे करतो, "याच्यावर होईन का?" मी आधी विचारतो, "घरात ढोलकी आहे का? डफ, संबळ, हलगी? नसेल तर गल्लीत कोणाकडे आहे?"

पोरं बुचकळ्यात पडतात, पण सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हे माझ्या मते याच उत्तरावर ठरतं.

बीट बनवायची सगळी सॉफ्टवेअरं मुळात तीन कामं करतात. एक, तुम्ही गायलेलं-वाजवलेलं टिपून घेतात. दोन, आत साठवलेले आवाज चौकटीत मांडून ताल आणि सुरावट तयार करू देतात. तीन, हे सगळं मिसळून एक गाणं बाहेर काढतात. पूर्वी यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या कामासाठी मोठ्या शहरातला स्टुडिओ गाठावा लागे. आता खान्देशातली पोरं घरातल्या लॅपटॉपवर गाणी करून यूट्यूबवर चढवतात. 'हाई झुमका वाली पोर'सारखं अहिराणी गाणं कोट्यवधी वेळा ऐकलं गेलं, अहिराणीचा शब्दही न कळणारे लोक त्यावर नाचले. आमची बोली लेवा गणबोली, तरी त्या गाण्याचं सुख आम्हालाही झालं. आपल्याकडच्या बोलीतलं गाणं इतकं दूर जातं हे दिसल्यापासून बीट बनवायला निघालेल्या पोरांची रांग वाढली आहे.

पण त्यांनी आणलेल्या बीट ऐकल्या की पुष्कळशा एकाच घरातल्या वाटतात. कारण सगळे तेच किक, तेच स्नेअर आणि तेच फुकट मिळालेले लूप वापरतात. दुसऱ्या कामासाठी लागणारे आवाज सॉफ्टवेअरबरोबर आयते येतात, म्हणून पहिल्या कामाकडे कुणी वळतच नाही. तबला आणि ढोलक विकत मिळतात, चांगलेही मिळतात. पण आमच्या गोंधळ्यांचा संबळ किंवा आदिवासी पट्ट्यातली पावरी मला कुठल्याही पॅकेजबरोबर आलेली सापडली नाही. ही वाद्यं ज्याला गाण्यात हवी आहेत त्याने ती स्वतःच टिपायला हवीत, आणि त्यासाठी टिपू देणारं सॉफ्टवेअर हवं.

इथेच स्वस्त आणि फुकट पर्यायांत निवड करताना डोळे उघडे ठेवावे लागतात. एलएमएमएस हे पूर्ण मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि ताल मांडायला छान आहे, पण त्याच्या स्थिर आवृत्तीत माईकवरून थेट रेकॉर्डिंग होत नाही. ते ऑडासिटीसारख्या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करून आणावं लागतं. एफएल स्टुडिओची सर्वांत स्वस्त आवृत्ती 'फ्रूटी'. तिच्यात ताल आणि सुरावट मांडता येते, पण आवाज थेट रेकॉर्ड करता येत नाही. त्यासाठी 'प्रोड्यूसर' ही वरची आवृत्ती लागते. पोरं नेमकी फ्रूटी घ्यायला निघालेली असतात. ज्याला फक्त कीबोर्डवर बीट करायची त्याला ती पुरते. ज्याच्या घरी ढोलकी आहे त्याने थोडे महिने थांबून पैसे जमवावेत, असं मी स्पष्ट सांगतो. एफएलची एक गोष्ट मला मनापासून आवडते : एकदा विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. मोफत चाचणी आवृत्तीलाही मुदत नाही, मात्र तिच्यात साठवलेलं काम परत उघडता येत नाही. एका बैठकीत जे होईल ते बाहेर काढून ठेवायचं. शिकायला एवढंही पुष्कळ आहे.

एफएल बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं. 1997 च्या डिसेंबरात ते 'फ्रूटीलूप्स' नावाने आलं, आणि उघडताच समोर येणारी 16 घरांची ओळ ही त्याची ओळख झाली. ही 16 घरं त्याहून जुनी आहेत. जपानच्या रोलँड कंपनीने 1980 साली टीआर-808 हे ताल-यंत्र काढलं, त्यावर 16 बटणांची अशीच ओळ होती. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये हेच यंत्र घेऊन रागांची एक तबकडी केली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. पुढे 2010 च्या सुमारास ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या संगीतकारांनी कान टवकारले. यंत्र जपानचं होतं, राग मात्र त्यांचे स्वतःचे होते. म्हणून मी ते उदाहरण पोरांना सांगतो.

आता या 16 घरांत आपला ताल बसतो का? केहरवा आठ मात्रांचा, तो चपखल बसतो. दादरा सहा मात्रांचा. प्रत्येक मात्रेचे दोन भाग धरले तर 12 घरं लागतात आणि चार उरतात. ती रिकामी ठेवली तर ताल लंगडतो, भरली तर दादरा उरत नाही. उपाय सोपा आहे : ओळीची लांबी 12 करायची. एफएलमध्ये 2018 च्या 20व्या आवृत्तीपासून तालाचं माप नीट बदलता येतं, रीपर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर दर आवर्तनाला वेगळं माप देता येतं. पण हे करायचं असतं हेच पोरांना माहीत नसतं. समोर 16 घरं दिसतात म्हणून ती 16 मध्ये विचार करतात, आणि आईने लहानपणी मांडीवर थोपटत गायलेला सहाचा झुलता ठेका त्यांच्या गाण्यात येतच नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरी अडचण लयीची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून आमच्याकडच्या बाया गातात तेव्हा लय झोक्याच्या हातात असते. झोका चढला की लय किंचित पुढे जाते, उतरला की रेंगाळते. सॉफ्टवेअर मात्र मिनिटाला 96 म्हटलं की 96च ठोके देतं. अशा वेळी बाईला कानात टिकटिक लावून गायला सांगू नये. आधी तिला मोकळं गाऊ द्यावं, ते टिपावं, आणि मग सॉफ्टवेअरची चौकट तिच्या गाण्यावर ताणून बसवावी. रीपरमध्ये जागोजागी लयीच्या खुणा टाकून हे जमतं. वेळ लागतो, पण मग त्या गाण्याखाली घातलेली ढोलकी तिच्या श्वासाबरोबर चालते.

इथून पाच-सहा कोसांच्या आतच आसोदा आहे, बहिणाबाई चौधरींचं माहेर. काम करता करता त्यांच्या ओठी आलेली गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून घेतली म्हणून 1952 साली पुस्तक निघालं आणि ती आपल्यापर्यंत पोचली. कागद शब्द धरून ठेवतो; जात्याची घरघर आणि तिच्यावर तोललेली चाल त्याला धरता येत नाही. आज ते धरायचं साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणूनच टिपण्याच्या बाबतीत मी इतका आग्रही आहे.

आता 'मोबाईलवर होईन का'चं उत्तर. होतं. बँडलॅब मोबाईलवर आणि ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यात रेकॉर्डिंगही होतं. लॅपटॉप नसलेल्या पोराने तिथूनच सुरुवात करावी. फक्त ब्लूटूथचे इअरफोन लावून ताल रेकॉर्ड करू नये, तारेचेच वापरावेत. ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो आणि हात आपोआप चुकीच्या जागी पडतो.

या उशिराचं गणित लॅपटॉपवरही असतं आणि ते समजून घेण्यासारखं आहे. संगणक आवाज एकेक करून हाताळत नाही, गठ्ठ्याने हाताळतो. सेकंदाला 44,100 नमुने आणि गठ्ठा 512 चा असेल तर एका गठ्ठ्यामागे साधारण 12 मिलिसेकंद उशीर. गठ्ठा 2048 केला तर 46. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 12 मिलिसेकंद हा चार मीटरवरच्या हलगीचा उशीर आणि 46 हा सोळा मीटरवरच्या. वरातीत वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. हलगीवाला चार पावलं पुढे असला तर आम्ही त्याच्याबरोबर वाजवतो. तो नवरदेवाच्या घोड्यापुढे गेला की त्याच्याकडे बघून वाजवावं लागतं, ऐकून नाही. म्हणून वाजवताना गठ्ठा लहान ठेवावा, मिक्सिंग करताना मोठा करावा. विंडोजच्या लॅपटॉपला एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट ड्रायव्हर टाकला की बराच फरक पडतो. साधं साऊंड कार्ड घेतलं तर आणखी.

लॅपटॉप असेल आणि घरात वाद्य असेल, तर माझी पसंती रीपरला. ते जस्टिन फ्रँकेल यांनी घडवलं, ज्यांच्या विनॅम्पवर आमच्या पिढीने संगणकावर पहिली गाणी ऐकली. डाउनलोड इतकं लहान की गावातल्या नेटवरही पटकन उतरतं, आणि जुन्या, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही ते चालतं. 60 दिवस सगळं फुकट वापरता येतं; नंतर घरगुती वापराचा परवाना 60 डॉलरचा. आत आयते आवाज जवळजवळ नाहीत, आणि यूट्यूबवर शिकणारी पोरं त्यामुळेच बिचकतात. मला ती उणीव वाटत नाही. त्याच्या सॅम्पलरमध्ये आपण टिपलेला संबळाचा ठोका टाकला की तो कीबोर्डच्या पट्टीवर वाजायला लागतो. हळू, मध्यम आणि जोरकस असे तीन ठोके वेगवेगळे टिपावेत. एकच ठोका नुसता लहानमोठा करून वाजवला तर कानाला लगेच खोटा लागतो. ढोलकीच्या घिश्श्याचं मात्र तसं होत नाही. डाव्या पुडीवर तळहात सरकत सूर वर नेतो तो असा तुकड्यांत सापडत नाही, पूर्ण आवर्तनच टिपावं लागतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बर्लिनच्या कंपनीचं एबलटन लाइव्ह 2001 सालचं. रंगमंचावर वाजवता वाजवता तुकडे जोडत जाणाऱ्याला त्याच्यासारखं दुसरं नाही. त्याची लहान 'लाइट' आवृत्ती अनेक मिडी कीबोर्डांबरोबर फुकट येते, म्हणून खोका फेकण्याआधी त्यातली कागदपत्रं बघावीत. क्यूबेस 1989 पासून आहे, मोठ्या रेकॉर्डिंगसाठी भक्कम, पण नवशिक्याला जड. लॉजिक आणि गॅरेजबँड फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतात. आमच्या गावात तो प्रश्न क्वचितच येतो.

चोरीच्या, म्हणजे क्रॅक केलेल्या प्रतीबद्दल मी कडक आहे. दुकानात लॅपटॉप नीट करायला दिला की सोबत एफएल टाकून मिळतं. त्यासाठी अँटिव्हायरस बंद केलेला असतो, आणि काही आठवड्यांनी फायलीच उघडत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका पोराचं कानबाई देवीच्या गाण्यांचं अख्खं काम असंच गेलं. फुकट आणि परवानगीचं इतकं उपलब्ध असताना ही जोखीम घ्यायची गरज नाही. आपण गाणं विकायला निघालो आहोत. दुसऱ्याचं बनवलेलं विकत घ्यायची तयारीही हवी.

टिपायची वेळ आणि जागा हा आमच्याकडे मोठा प्रश्न आहे. जळगाव-भुसावळ महामार्गावरची वाहनं, सिमेंट कारखान्याचे ट्रक, आणि उन्हाळ्यात 45 अंशांत बंद करता न येणारा कूलर. म्हणून पावसाळ्यातली पहाट बरी. खोलीच्या दोन भिंतींवर दोऱ्या बांधून जाड गोधड्या टाकाव्यात, मोकळ्या खोलीचा घुमणारा आवाज त्या पिऊन टाकतात. माईक नसेल तर मोबाईल चालेल, पण तो संबळापासून दीड-दोन हात लांब आणि किंचित बाजूला ठेवावा. ठोका सर्वांत जोराचा पडेल तेव्हाही रेषा लाल व्हायला नको. ती उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिली तर नंतर वाढवता येते. फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट होत नाही. आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह. लाइट जाते.

या श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला गल्लीतल्या बायांनी म्हटलेली गाणी त्यांच्या परवानगीने मी टिपली, आणि एका गोंधळी काकांनी संबळावरची आवर्तनं वाजवून दिली. त्यांना ठरलेली बिदागी दिली, आणि त्यांचं नाव गाण्याखाली लिहायचं हे आधीच ठरवलं. सगळं 24 बिट, 48 हजारच्या वेव्ह फायलींत ठेवलं आहे, प्रत्येक फाईलच्या नावात लय आणि मात्रा लिहून. एका माईकचं एक मिनिट सुमारे साडेआठ एमबी होतं, तेव्हा बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह पुरेल. गावातल्या ज्या पोराला आपल्या गाण्यात ते वापरायचं आहे, त्याने तो घेऊन यावं, आणि वाजवणाऱ्याचं नाव टाकायचं कबूल करून न्यावं.