पूर्ण ऐकलंस का?

पंधरा सेकंदांच्या रीलवरून गाण्याला नावं ठेवायची सवय लागलीये? मलाही होती. मग गेल्या दोनेक वर्षांत गाजलेली सात गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. त्यांचा हा न घाबरता लावलेला निकाल.

एक छोटीशी परीक्षा देता का? या महिन्यात तुम्ही सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं गाणं आठवा. आठवलं? आता ते सुरू कसं होतं ते सांगू नका. संपतं कसं ते सांगा.

अडलात ना? लाजू नका, मीही अशीच अडले होते. आणि तेही चारचौघांत मोठ्या आवाजात मत ठोकून झाल्यावर.

झालं असं की, २०२४ च्या फेब्रुवारीत ‘गुलाबी साडी’ आलं आणि आठवडाभरात सगळ्यांच्या फोनवर तेच. होस्टेलवर माझ्या खोलीत एक मुलगी होती, जळगावकडची. ती ते गाणं स्पीकरवर लावून बादलीत कपडे भिजवायची. एक दिवस कॅन्टीनमध्ये गाण्यांचा विषय निघाला आणि मी म्हणाले, ‘‘असली गाणी ऐकतं तरी कोण?’’ टेबलावरचे सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवसापासून खोलीत तिचा स्पीकर बंद झाला. कानात कायम इअरफोन.

पुढे गॅदरिंगच्या शेवटी डीजेनं तेच गाणं लावलं आणि सगळ्यात पुढे कोण नाचत होतं? मी! घामाघूम होऊन खोलीवर आले, तर तिनं शांतपणे एवढंच विचारलं, ‘‘तू ते गाणं कधी पूर्ण ऐकलंस का गं?’’

नव्हतं ऐकलं. रीलमध्ये जेवढं वाजतं तेवढंच माहीत होतं. म्हणजे मी नाचलेही अर्ध्यावर आणि हसलेही अर्ध्यावर. नाचल्याचं काही नाही, हसल्याचं मात्र मनाला लागून राहिलं.

म्हणून स्वतःलाच एक नियम घातला. मत द्यायचं तर गाणं तीनदा पूर्ण ऐकायचं. एकदा हेडफोन लावून, शब्द समोर ठेवून. एकदा बसमध्ये, गर्दीत. आणि एकदा सुट्टीत घरी गेल्यावर स्वयंपाकघरात, फोनच्या स्पीकरवर, आई ऐकत असताना. आई भजनी मंडळात जाते, तिला इंग्रजी फारसं कळत नाही, पण ठेका चुकला की लगेच कळतो!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं मोजलं जातं. त्यामुळे सगळा भर पहिल्या अर्ध्या मिनिटावर. पूर्वीसारखं आधी संगीत, मग हळूच आवाज असला निवांतपणा आता फार कमी गाण्यांना परवडतो. तेव्हा गाणं खरंच चांगलं आहे की नुसतं दार चांगलं सजवलंय, हे आत गेल्याशिवाय कळणारच नाही.

चला तर मग, आत जाऊ.

बर्ड्‌स ऑफ अ फेदर : बिली आयलिश

मित्रमैत्रिणींच्या ग्रुप फोटोंखाली हे गाणं तुम्ही शंभरदा लावलं असेल. मीही लावलंय. शब्द समोर ठेवून ऐकलं तेव्हा मात्र चाट पडले. एवढ्या गोड चालीत ही बाई मरणाबद्दल, शवपेटीबद्दल गातेय! मरेपर्यंत तुझ्यासोबत, असं आपण सहज म्हणून टाकतो. ती ते अक्षरशः म्हणते. आणि आपण त्याखाली गोव्याच्या ट्रिपचे फोटो टाकतो.

२०२४ च्या ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ या अल्बममधलं हे गाणं तिनं भाऊ फिनिअससोबत केलंय. बिली म्हणजे कानात कुजबुजणारा आवाज, अशी आपली समजूत. पण इथे गाणं जसजसं पुढे जातं तसतसा तो आवाज मोकळा होत जातो आणि शेवटाकडे चक्क खुल्या गळ्यानं वर चढतो. रीलवाल्यांना हा भाग मिळतच नाही.

निकाल : रिपीट. पण फोटोखाली लावण्याआधी शब्द वाचा!

डाय विथ अ स्माइल : लेडी गागा, ब्रुनो मार्स

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेलं हे गाणं चार मिनिटांच्या वर आहे. आजच्या हिशेबात हा जवळपास खंडकाव्याचा प्रकार! जग उद्या संपणार असेल तर आज तुझ्याजवळ असावं, एवढीच कल्पना. नवीन काही नाही. जुन्या सिनेमातलं वाटावं असंच गाणं आहे.

पण गंमत तालात आहे. बाकीची बहुतेक पॉप गाणी चारच्या हिशेबात चालतात, हे सहाच्या हिशेबात डोलतं. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ‘‘हे आपल्या दादऱ्यासारखं चाललंय की!’’ आणि पोळपाटावर बोटांनी धा धी ना, धा ती ना वाजवायला लागली. जुळलं! दोघांचे आवाजही एकमेकांना जागा देतात, कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. या जोडीला २०२५ मध्ये ग्रॅमी मिळालं, ते पटलं.

तक्रार एकच. दोघांना रडवेलं व्हायला इतकं छान जमतं की थोडं ठरवून केल्यासारखं वाटतं.

निकाल : ठेवा. पावसात, खिडकीजवळ बसून ऐकायला.

ए.पी.टी. : रोझे, ब्रुनो मार्स

हे ऐकून तुमच्या डोक्यात दोन दिवस दुसरं काही वाजलं नसेल, बरोबर? ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्लॅकपिंकच्या रोझेनं हे आणलं. ‘आपातू’ हा कोरियन शब्द म्हणजे इंग्रजी ‘अपार्टमेंट’चं छोटं केलेलं रूप. आणि त्याच नावाचा कोरियात पार्टीतला एक खेळ आहे. सगळ्यांनी हातावर हात रचायचे, एकानं मजल्याचा आकडा सांगायचा, मग खालचे हात एकेक करत वर. त्या आकड्याला ज्याचा हात येईल त्यानं प्यायचं. गाण्याचा मुखडा म्हणजे याच खेळातला गजर. म्हणूनच शब्द कळो न कळो, तोंडात बसतो. लहानपणी आपण ‘अटक मटक’ अर्थ विचारून थोडंच म्हणायचो?

आता प्रामाणिक मत. चाल सगळी नवी नाही. टोनी बेझिलचं ‘मिकी’ हे गाणं १९८२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, त्याचा धागा यात घेतलाय आणि त्या गीतकारांना रीतसर श्रेयही दिलंय. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की गाणं तीन मिनिटांच्या आत आटपतं आणि तिसऱ्यांदा ऐकताना तेवढंही लांब वाटतं.

निकाल : पार्टीत दहापैकी दहा. एकट्यानं ऐकायला पाच.

बिग डॉग्ज : हनुमानकाइंड, काल्मी

जत्रेतला ‘मौत का कुआँ’ पाहिलाय? लाकडी फळ्यांची ती विहीर, आत भिंतीवर गरगरणाऱ्या गाड्या आणि वर कठड्याला धरून आपण. जुलै २०२४ मध्ये आलेल्या या गाण्याचा व्हिडिओ तसल्याच विहिरीत चित्रित केलाय. मध्ये उभा राहून हनुमानकाइंड रॅप करतोय आणि भोवती गाड्या फिरतायत. जन्म केरळचा, लहानपणीची बरीच वर्षं अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये, त्यामुळे उच्चार तिकडचा आणि धूळ इकडची. अमेरिकेतल्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत हे गाणं पोचलं, तेव्हा मला उगाचच आपल्या घरचं कुणीतरी पास झाल्यासारखं वाटलं.

पण डोळे मिटून ऐका. मी ऐकलं. काल्मीची बीट तरीही छातीत वाजते, तिला तोड नाही. शब्द मात्र आम्ही किती भारी, आमच्या वाटेला कोण येणार, याच्या फारसे पुढे जात नाहीत. ‘मौत का कुआँ’ काढून घेतला तर गाणं अर्धं होतं.

निकाल : बघायला नव्वद टक्के, ऐकायला साठ.

गोल्डन : ‘केपॉप डीमन हंटर्स’ चित्रपटातून

ज्या बँडचं गाणं २०२५ च्या ऑगस्टमध्ये हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तो बँड अस्तित्वातच नाही! ‘हंट्रिक्स’च्या तिन्ही मुली कार्टून आहेत. त्यांच्यामागचे आवाज मात्र खरे आहेत : ईजे, ऑड्री नुना आणि रे आमी.

यातल्या ईजेची गोष्ट वाचलीत का? शाळकरी वयापासून दहाएक वर्षं ती कोरियातल्या एका मोठ्या कंपनीत केपॉप स्टार होण्याचं प्रशिक्षण घेत होती. तिला कधी स्टेजवर आणलंच नाही. मग ती दुसऱ्यांसाठी गाणी लिहायला लागली. आणि जे गाणं तिनं इतरांसोबत लिहिलं आणि स्वतः गायलं, तेच जगभर गाजलं. एन्ट्रन्स हुकलेल्या, ड्रॉप घेतलेल्या प्रत्येकानं ते वरचे सूर हे लक्षात ठेवून ऐकावेत. इतके उंच सूर की होस्टेलच्या बाथरूममध्ये आम्ही सगळ्या जणींनी प्रयत्न केला आणि सगळ्या जणी तोंडावर पडलो.

शब्द मात्र ‘चमकण्याची वेळ आली’ छापाचे. क्लासच्या भिंतीवरच्या पोस्टरवर शोभतील असे.

निकाल : आवाजासाठी रिपीट, शब्दांसाठी नाही.

सॅफायर : एड शीरन

आता थोडं भांडण. जून २०२५ मध्ये हे आलं तेव्हा मी उड्या मारल्या होत्या. एड शीरन आणि अरिजित सिंग एका गाण्यात! व्हिडिओ भारतात चित्रित केलेला, त्यात शाहरुखसुद्धा. एडचं पंजाबी ऐकून बरंही वाटलं. २०२४ मध्ये मुंबईच्या कार्यक्रमात तो दिलजीतसोबत स्टेजवर पंजाबीत गायला होता, म्हणजे ही त्याची आवड आजची नाही.

पण तीनदा पूर्ण ऐकल्यावर एकच प्रश्न पडला. अरिजित कुठंय? त्याचा आवाज येतो, पण मागे, थोडासा, जपून. एवढ्या गायकाला जेवायला बोलवायचं आणि पाणी वाढायला उभं करायचं, असं झालंय. तालवाद्यं झकास, चाल गोड, पण आपण ‘आपला माणूस आहे’ या आनंदात गाण्याला जरा जास्तच मार्क देतोय का? स्वतःला विचारून बघा.

निकाल : सकाळच्या बससाठी ठीक. अरिजितसाठी ऐकणार असाल तर त्याची जुनी गाणी आहेतच.

गुलाबी साडी : संजू राठोड

आता मूळ मुद्द्यावर. गाणं लिहिलं, गायलं संजू राठोडनं. जळगाव जिल्ह्यातून आलेला मुलगा. संगीताच्या बाजूला जी-स्पार्क, म्हणजे त्याचा भाऊच. बिली आणि फिनिअस या भावंडांच्या जोडीचं आपण केवढं कौतुक करतो, पण ही जोडी आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली असून मला तिचं नावही माहीत नव्हतं.

पूर्ण ऐकल्यावर काय सापडलं? एक मुलगी नटलीये आणि तिला आपला फोटो काढून हवाय, तो व्हायरल व्हायला हवाय. बस. पण हे सगळं ज्या मराठीत आहे, ती बोलण्यातली मराठी आहे. चंद्र नाही, चांदणं नाही, मोगरा नाही. आपल्या पिढीची हौस आपल्याच भाषेत. मी ज्याला ‘असलं’ म्हणाले होते, ते बहुतेक हेच होतं. एखादं इंग्रजी गाणं अपार्टमेंटवर असलं तर मी त्याला मस्त म्हणते आणि मराठी गाणं फोटोवर असलं की नाक मुरडते! दोष गाण्याचा नव्हता.

म्हणून आता सगळंच ग्रेट म्हणू का? नाही. बीट पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास एकाच जागी राहते आणि निम्म्यानंतर गाणं स्वतःलाच पुन्हा सांगत बसतं. हेही तेवढंच खरं. आणि आई? तिनं फक्त विचारलं, ‘‘पुन्हा लाव की गं.’’

निकाल : ठेवा. आणि मोठ्यानं लावा.

तर हा माझा निकाल. गेल्या आठवड्यात ही यादी मी माझ्या त्या मैत्रिणीला फोन करून वाचून दाखवली. त्या कॅन्टीनच्या दिवसाबद्दल सॉरीही म्हणाले. ‘‘कधीचं काय घेऊन बसलीस,’’ म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘पण ‘बिग डॉग्ज’ला साठ? तुझ्या हेडफोनला बेस नाहीये. परत ऐक.’’ त्यावर आम्ही चाळीस मिनिटं भांडलो. मजा आली.

तुम्हालाही माझे अर्धे निकाल पटले नसतील. छानच! भांडा. फक्त भांडायच्या आधी आज रात्री एक गाणं निवडा, तुम्ही ज्याला सगळ्यात जास्त नावं ठेवता ते. फोन उलटा ठेवा आणि ते शेवटच्या सेकंदापर्यंत ऐका. त्यानंतरही नाही आवडलं, तर खुशाल शिव्या घाला. तेवढा हक्क तुम्ही कमावलेला असेल.