भूगर्भांतील वायु आणि शेतकऱ्याची संमति

जमीन शेतकऱ्याची, पण तिच्या खालीं खोल जें आहे तें काढावें कीं नाहीं, हें कोणीं ठरवावें? इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत या प्रश्नावर कांहीं वर्षें मोठा वाद झाला. त्याची हकीकत आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

फ्रॅकिंग म्हणजे खोल भोंक पाडून त्यांत पाणी, रेती व थोडीं रसायनें मोठ्या दाबानें दडपणें. त्यायोगें शेल नांवाचा खडक तडकतो आणि आंत कोंडलेला वायु वर येतो. घरचें इंधन व लोकांस काम मिळेल, असें पुरस्कर्ते म्हणत. पाणी व जमीन बिघडेल, ही विरोधकांची भीति.

तेथें भूगर्भांतील तेल व वायु १९३४ च्या कायद्यानें राजसत्तेच्या मालकीचे झाले. तरी दुसऱ्याच्या जमिनीखालून भोंक नेण्यास मालकाची परवानगी लागे. ३०० मीटरच्या खालीं ती लागूं नये, अशी योजना सरकारनें २०१४ मध्यें लोकांपुढें मांडली. ४०,००० हून अधिक उत्तरें आलीं. त्यांपैकीं शेंकडा ९९ विरुद्ध होतीं. तरीही २०१५ मध्यें तसा कायदा झालाच.

त्याच वर्षीं जूनमध्यें लँकेशायर काउंटी कौन्सिलनें प्रेस्टन न्यू रोड येथील कामास परवानगी नाकारली. कंपनीनें अपील केलें आणि ऑक्टोबर २०१६ मध्यें मंत्री साजिद जाविद यांनीं तो निर्णय फिरविला. २०१८ मध्यें खडक फोडणें सुरू झालें. २६ ऑगस्ट २०१९ रोजीं २.९ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि नोव्हेंबरांत सरकारनें इंग्लंडांत फ्रॅकिंग थांबविलें. सप्टेंबर २०२२ मध्यें स्थानिक पाठिंब्याच्या अटीवर ही बंदी उठली; पण तो पाठिंबा मोजावयाचा कसा, हें ठरण्यापूर्वींच मंत्रिमंडळ बदललें व पुढच्याच महिन्यांत बंदी परत आली.

लोकांचें मत विचारणें निराळें आणि तें मानणें निराळें, हा यांतील बोध. आपल्याकडे २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें पुष्कळ खाणी व कारखाने यांपूर्वीं जनसुनावणी होते. तींत मतें मोजीत नाहींत; हरकती नोंदल्या जातात आणि शेवटीं इतिवृत्त वाचून दाखवितात. म्हणून गर्दी व घोषणा यांवर विसंबूं नये. आपल्या विहिरींची पाणीपातळी, पिकें व वाटा यांची लेखी माहिती घेऊन जावें, आणि इतिवृत्तांत आपली हरकत आली कीं नाहीं हें पाहूनच उठावें, अशी आमची सूचना आहे.