आजोबांची चावी काढून घेण्याआधी ट्रॅक्टरची पायरी बघा

नोकरीसाठी लखनऊला येऊन मला दोन वर्षं झाली. थंडी पडली की इथल्या सीतापूर रोडवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. गाडी अडकली की मी चालकांकडे बघत बसते. मफलरमधून कितीतरी वेळा पांढऱ्या मिशा डोकावतात. मुलं शहरात, ट्रॅक्टर वडिलांकडे. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरच्या रस्त्यांवर तरी वेगळं काय दिसतं?

मागच्या दिवाळीत माझ्या आजोबांचं मनगट मोडलं. वय ७१. ट्रॅक्टर चालवताना काही झालं नाही, उतरताना झालं. पायाला चिखल होता, पायरी गुळगुळीत झालेली, धरायला काही नाही म्हणून हात मडगार्डवर टेकला आणि तो घसरला. घरात लगेच ठरलं, चावी काढून घ्यायची. आजोबा चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. काका शेवटी म्हणाले, "अण्णा, तुम्ही पडलात तर आम्ही काय करायचं?" आजोबा म्हणाले, "आधी ती पायरी बघ."

मी त्यांच्या बाजूने नव्हते, हे कबूल करते. पण पायरी बघितली.

तीन पायऱ्या एकदम

ट्रॅक्टरची पहिली पायरी जमिनीपासून ५५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, असं शेतीयंत्रांच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. आता घरातला जिना मोजा. त्याची एक पायरी साधारण १५ ते १८ सेंटिमीटरची असते. म्हणजे मानक पाळलं तरी आजोबांनी एका ढांगेत तीन पायऱ्या चढायच्या, तेही दुखऱ्या गुडघ्याने. जुन्या ट्रॅक्टरवर तर पुष्कळदा नीट पायरीच नसते. गिअरचे दांडे दोन्ही पायांच्या मधे, त्यामुळे पाय ओलांडून बसावं लागतं.

याला थोडा इतिहासही आहे. भारतात १९५९ पासून जे ट्रॅक्टर बनू लागले, त्यांतले सुरुवातीचे बरेचसे जर्मनी, पोलंड, इंग्लंडच्या कंपन्यांच्या सहकार्याने आले. आपल्या शेतकऱ्याचा हात किती लांब पोहोचतो, पायात जोर किती, याची मापं भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने वेगवेगळ्या राज्यांतून गोळा केली आणि २००९ मध्ये पुस्तकरूपाने छापली. शरीराची ७९ मापं आणि ताकदीची १६. मधे पन्नास वर्षं गेली होती.

हात कुठे जातो?

तुम्हाला एक काम सांगते, खर्च शून्य. घरातल्या ज्येष्ठ चालकाला दोनदा ट्रॅक्टरवर चढायला आणि उतरायला सांगा, आणि गप्प उभं राहून बघा. सूचना देऊ नका. त्यांचा हात पहिल्यांदा कुठे जातो तेवढंच लक्षात ठेवा. आमचे आजोबा चढताना स्टिअरिंग ओढत होते आणि उतरताना हायड्रॉलिकचा लिव्हर धरत होते. लिव्हर हलला की मागचं अवजार खाली येणार. गिअरचा दांडा धरणारेही असतात. ते तर आणखी वाईट.

जिथे हात जातो, तिथे दांडी हवी. चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मूठ नीट बसेल एवढ्या जाडीच्या पाइपची दांडी करून घ्या, टोकं गोल, पकड खरखरीत. ती बोल्टने बसवा आणि पातळ पत्र्यावर नको, मजबूत सांगाड्यावर. खाली एक जादा पायरी लावा. तिचा पृष्ठभाग चेकर प्लेटचा हवा, बाजूला कड हवी म्हणजे पाय सरकणार नाही. पायरी चाकापासून आणि वळताना हलणाऱ्या भागांपासून लांब आहे ना, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. उसाच्या सरीत ती मातीला घासत असेल तर वर उचलता येणारी करा.

उतरताना तोंड ट्रॅक्टरकडे, पाठ रस्त्याकडे. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन सतत टेकलेले असावेत. उडी कधीच मारायची नाही. आजोबांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या मते उलटं उतरणं म्हणजे "म्हातारपण".

जड क्लच आणि रंगाचा डबा

"क्लच फार जड झालाय" ही तक्रार वयाची समजू नका. अनेकदा सांध्यांना ग्रीस नसतं, नाहीतर जुळणी बिघडलेली असते. आधी मिस्त्रीला दाखवा. पेडलचं रबर झिजून लोखंड चकाकत असेल तर तेही बदला. सीटची स्प्रिंग बसली असेल तर कंबरेला प्रत्येक खड्डा कळतो.

रंगाचं मला फार आवडलं. दांड्यांच्या मुठींसाठी जगभर ठरलेले रंग आहेत: इंजिन बंद करायचा लाल, ट्रॅक्टरची चाल बदलणारे नारिंगी, पीटीओचा पिवळा, बाकीचे काळे. जुन्या ट्रॅक्टरवर सगळे एकसारखे मळकट झालेले असतात. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना छोट्या डब्यातला रंग खूप मदत करतो.

मानेचं दुखणं वेगळं. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला पुढे जाताना सारखं मागे अवजाराकडे बघावं लागतं. लखनऊच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत १९५२ पासून उसावर काम चालतं. तिथे ट्रॅक्टरने ऊस लावणारी यंत्रंही तयार झाली आहेत. अशा काही यंत्रांवर मागे बसलेली माणसं ऊस भरत असतात, म्हणजे चालकाला त्यांच्याकडेही लक्ष ठेवायचं. मान वळत नसेल तर दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावा.

इथे जुगाड नको

काही गोष्टींना हात लावू नका. उलटल्यावर चालकाला वाचवणाऱ्या चौकटीवर वेल्डिंग करायचं नाही किंवा भोक पाडायचं नाही, तिची ताकद जाते. पेडलला लोखंडाचा तुकडा जोडून ते लांब करायचं नाही. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी कडी लावलीच पाहिजे, नाहीतर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटू शकतो. आणि सेल्फ बिघडला म्हणून खाली उभं राहून पेचकसाने चालू करण्याची सवय आजच मोडा. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर त्याच माणसाच्या अंगावरून जातो. वर चढायचा कंटाळा आला की ही सवय वाढते, म्हणून पायरी सोपी करणं इथेही कामाला येतं.

पाय अजिबात चालत नसेल आणि हाताने चालणारा क्लच हवा असेल, तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या बदलांचे नियम आहेत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९७९ पासून अशा शेतकऱ्यांसाठी काम होतंय आणि १९९१ पासून तिथे अॅग्रएबिलिटी नावाचा सरकारी कार्यक्रमही आहे. गरज तिथेही मोठी आहे. २०२२ च्या कृषिगणनेत तिथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ निघालं.

नवीन ट्रॅक्टर घेणार असाल तर गिअरचे दांडे बाजूला आणि पायाखालची जागा सपाट असलेला, पॉवर स्टिअरिंगवाला बघा. मध्य प्रदेशातल्या बुदनी किंवा हरियाणातल्या हिसारच्या सरकारी संस्थेचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागा. ब्रेकला लागणारा जोर, कानाशी येणारा आवाज, कंपनं, सगळं त्यात असतं. आणि शोरूममध्ये आजोबांना घेऊन जा, फक्त पैसे देणाऱ्या मुलाने बसून बघू नये.

चावी खरंच काढून घ्यायची वेळही येते. चक्कर येत असेल, साखर अचानक उतरत असेल, संध्याकाळी दिसत नसेल, तर पायरी कितीही चांगली असो, ट्रॅक्टर नको. लायसन्सचा कायदाही हे धरून आहे: ५५ वर्षांनंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ती तपासणी खरी करून घ्या, नुसता शिक्का नको.

आमच्याकडे तडजोड झाली. रात्री आणि हायवेवर काका, दिवसा शेतात आजोबा. पायरी बसवली तेव्हा पहिले आठ दिवस त्यांनी ती वापरलीच नाही, जुन्याच पद्धतीने चढत राहिले. मग एकदा आजीला शेतात जेवण घेऊन जायचं होतं, ती त्या पायरीवर उभी राहून डबा देत म्हणाली, "बरी आहे की." आता शेजारचे दोघं तिचं माप घेऊन गेलेत.