टायगरच्या बॉनेटखाली

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, किती सीसीचे? आणि त्यामागोमाग दुसरा, मावेल का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण टेप घेऊन शोधतात. बॉनेटखालची लांबी-रुंदी मोजायची, इंजिनाची मोजायची आणि वजाबाकी करायची. ही वजाबाकी फसवी आहे. इंजिनाचा ब्लॉक सहसा अडत नाही. अडतात ते त्याच्या अंगाला लागलेले भाग: डिस्ट्रिब्युटर, ऑइल फिल्टर, खालचे तेलाचे चेंबर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. इंजिन केवढे आहे यापेक्षा त्याचे कोणते अवयव कोणत्या बाजूला आहेत, हे आधी पाहायला हवे. ही गोष्ट ज्या गाडीने सर्वांत स्वच्छ दाखवून दिली, ती म्हणजे ब्रिटनच्या रूट्स कंपनीची सनबीम टायगर.

मुळात ही गाडी सनबीम अल्पाइन. चार सिलिंडरची, देखणी, पण ताकदीने बेताची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रूट्सची विक्री सांभाळणाऱ्या इयान गॅरड यांना तिच्यात व्ही-८ हवे होते. सुरुवातीची मोजमापे साध्या लाकडी पट्टीने झाली आणि निवड फोर्डच्या २६० घनइंची, म्हणजे सुमारे ४.३ लिटरच्या इंजिनावर येऊन थांबली. अमेरिकन रेसर आणि गाड्या बनवणारे कॅरोल शेल्बी यांनी नमुना गाडीसाठी दहा हजार डॉलर आणि आठ आठवडे मागितले. तोवर थांबायची गॅरड यांची तयारी नव्हती. केवळ इंजिन बसते का हे पाहण्यासाठी त्यांनी रेसर आणि कारागीर केन माइल्स यांच्याकडून आठशे डॉलरमध्ये, आठवड्याभरात दुसरी गाडी उभी करून घेतली. लांबीचा प्रश्न किरकोळ निघाला. फोर्डचे इंजिन जुन्यापेक्षा जेमतेम ८९ मिलिमीटर लांब होते. खरी अडचण रुंदीची होती, कारण व्ही आकारात सिलिंडरच्या दोन रांगा दोन्ही बाजूंना फाकतात, आणि नेमक्या तिथेच एक्झॉस्ट आणि स्टिअरिंग यांची गाठ पडते. अल्पाइनचा बर्मन स्टिअरिंग बॉक्स काढून रॅक अँड पिनियन बसवावे लागले आणि फायरवॉलही, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधली पत्र्याची भिंत, बदलावी लागली. म्हणजे इंजिनासाठी जागा करण्यातले मोठे काम इंजिनावर झालेच नाही, ते त्याच्या शेजाऱ्यांवर झाले.

एप्रिल १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात टायगर लोकांसमोर आली. जुळणीचे काम वेस्ट ब्रॉमविचच्या जेन्सन कंपनीकडे होते. तिथे रंगकाम झालेल्या बॉडीची फायरवॉल मोठ्या हातोड्याने ठोकून आत दाबली जाई, तेव्हा कुठे इंजिन जागेवर सरके. या हातोड्याची गोष्ट गाडीचे चाहते कौतुकाने सांगतात. मला मात्र फायरवॉलमधले भोक जास्त महत्त्वाचे वाटते. इंजिन बसले, पण भोवती इतकी कमी जागा उरली की मागचा स्पार्क प्लग बॉनेट उघडून हाताला लागेना. म्हणून फायरवॉलला भोक ठेवले, त्यावर रबरी बूच लावले, आणि मेकॅनिकने गाडीच्या आत बसून तिथून पाना घालायचा. जागेचा हिशेब असा दोनदा करावा लागतो: एकदा इंजिन आत जाण्यासाठी, आणि पुन्हा मेकॅनिकचा हात आत जाण्यासाठी. तिसरा हिशेब हवेचा असतो. रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेला बाहेर पडायला वाट लागते. टायगर उन्हाळी प्रदेशात तापण्याबद्दल बदनाम झाली, हे तिच्या त्या गच्च भरलेल्या इंजिन-कप्प्याकडे पाहिले की समजते.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा टायगरच्या शेवटात आहे. रूट्सचा ताबा क्रायस्लरकडे गेला आणि प्रतिस्पर्धी फोर्डचे इंजिन असलेली गाडी विकण्याची पाळी क्रायस्लरवर आली. क्रायस्लरकडे स्वतःचे २७३ घनइंची व्ही-८ होते. सीसी पाहिले तर दोघांत फारसा फरक नाही. पण ते टायगरमध्ये मोठ्या फेरफाराशिवाय बसेना. एक तर ते आकाराने थोडे मोठे, आणि त्यात त्याचा डिस्ट्रिब्युटर मागे, जिथे हातोडा मारूनही फायरवॉल जेमतेम हटली होती. फोर्डचा डिस्ट्रिब्युटर पुढे होता. क्रायस्लरच्या ज्या मोठ्या इंजिनांचा डिस्ट्रिब्युटर पुढे होता, ती स्वतःच अवाढव्य. यावर कोणी म्हणेल की गाडी व्यापारी कारणाने बंद पडली, त्याचे खापर डिस्ट्रिब्युटरवर कशाला? व्यापारी कारण होतेच. पण त्या कारणाने इंजिन बदलायला हवे होते, गाडी संपवायला नव्हे. बदली इंजिन सहज बसले असते तर टायगर पुढे चालू राहण्याची शक्यता होती. फोर्डच्या इंजिनांचा साठा संपेपर्यंतच ती बनवायची असे ठरले आणि २७ जून १९६७ रोजी शेवटची टायगर जुळवली गेली.

दुसरा आक्षेप गॅरेजमधून येतो: अडले तर कापू, ठोकू, वेल्डिंग करू. जेन्सननेही तेच केले ना? केले, पण कुठे आणि किती ठोकायचे हे नमुना गाडीवर ठरल्यानंतर. शिवाय हजारो गाड्या बनवणाऱ्याला बॉडीचा एखादा पत्रा बिघडला तरी चालतो. ज्याच्याकडे साठ वर्षांची एकच बॉडी आहे, त्याला चालत नाही. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही आणि गाडीचे मूळपण त्यासोबत जाते. उलट अंगचे भाग हलवता येतात. फिल्टर पाइप जोडून दुसरीकडे नेता येतो, चेंबरचा खोलगट भाग पुढून मागे घेता येतो, ब्लॉकला चिकटून जाणारा मॅनिफोल्ड मिळतो, यांत्रिक पंख्याऐवजी पातळ विजेचा पंखा लावता येतो. कापण्याची पाळी यानंतर यावी.

म्हणून हे काम हाती घेणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती. माउंटिंग पक्के वेल्ड करण्याआधी रिकामा ब्लॉक आत टांगा. त्याला दोन्ही हेड, मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर आणि गिअरबॉक्स लावा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. रबरी माउंटिंगवरचे इंजिन अ‍ॅक्सिलरेटर दाबताच एका बाजूला कलते, त्या कलण्यापुरती मोकळीक सगळीकडे सोडा. आणि मग पाना हातात घेऊन प्रत्येक प्लग काढून पाहा, मागचासुद्धा.