चटावलेल्या हरणांना कुंपणाविना कसे आवरावे?

न्यू जर्सीतल्या एखाद्या परसात सकाळी झुडपाचे शेंडे गायब दिसले, तर आधी चावा पाहावा. ससा डहाळी तिरकी आणि स्वच्छ कापतो. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत डहाळी धरून ते हिसडा देते, म्हणून तुटलेल्या टोकाला धागे लोंबत राहतात. नुकसान माणसाच्या छातीच्या उंचीवर असेल, तर सशावर आळ घेण्यात अर्थच नाही.

हे पांढऱ्या शेपटीचे हरीण. १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे ते अमेरिकेत काही लाखांवर आले होते. पुढे शिकारीवर निर्बंध आले. पूर्वेकडचे लांडगे आणि प्यूमा तोवर जवळजवळ संपलेच होते. जंगल तोडून वसलेल्या उपनगरांनी लपायला झाडी आणि खायला बागा, दोन्ही शेजारी-शेजारी दिली. आजचा अंदाज तीन कोटींच्या आसपास आहे. खात्रीचा इलाज म्हणजे सुमारे २.४ मीटर उंचीचे कुंपण, कारण त्याहून बुटके कुंपण हरीण सहज ओलांडते. पण घरापुढच्या अंगणात एवढे उंच कुंपण बऱ्याच गावांच्या नियमांत बसत नाही. शिवाय कुंडीतल्या चार-दोन बोन्सायसाठी आपलेच घर पिंजऱ्यात कोंडायची हौस कोणाला असणार?

मग उरते ती हरणाची जीभ आणि नाक. रवंथ करणारे असले, तरी हरीण गाईसारखे मिळेल ते गवत ओरबाडत नाही. कोवळे कोंब, कळ्या, प्रथिनांनी भरलेली पाने ते वेचून खाते. नियमित पाणी आणि खत मिळणारे बोन्साय त्याला नेमके तेच पुरवते, तेही बाकावर, तोंडासमोर. बोन्सायवाल्यांचा लाडका यू वृक्ष तर चमत्कारिक उदाहरण आहे. त्याच्या पानांतल्या विषाने घोडे आणि गुरे मरतात, माणसाचाही जीव जाऊ शकतो. हे हरीण मात्र तो आवडीने खाते.

चावा कुठे बसला यावर पुढचे सारे ठरते. यूच्या जुन्या लाकडातूनही नवे धुमारे फुटतात, त्यामुळे आकार बिघडला तरी झाड सावरते. जुनिपरच्या फांदीवरची हिरवी पालवी पूर्ण गेली, तर ती फांदी बहुधा परत फुटत नाही. वीस वर्षे तारा बांधून वळवलेली फांदी दोन घासांत वाळकी काडी होऊन बसते.

म्हणूनच बोन्सायसाठी चवीवर बेतलेली औषधे मला फारशी पटत नाहीत. मिरची असो की कडू रसायन, ते कळायला आधी घास घ्यावा लागतो, आणि इथे पहिला घास हेच नुकसान. त्यातही कडूपणाला हरीण फारसे बिचकत नाही. त्याच्या रोजच्या आहारातच तुरट-कडू पाला बराच असतो.

वासाचे तसे नाही. झाडाला तोंड लागण्याआधीच तो नाकात शिरतो. कनेक्टिकटमध्ये यूच्या झुडपांवर झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बॉबकॅट आणि कोयोट या शिकारी प्राण्यांच्या मूत्राने हरणांचे खाणे कमी झाले. माणसाच्या मूत्राने काही फरक पडला नाही. मग त्या वासात असते तरी काय? दुसऱ्या काही संशोधकांनी कोयोटना एकदा मांस आणि एकदा खरबूज खाऊ घातले, आणि त्यांचे मूत्र उंदीर, गिनीपिग यांच्या अन्नाजवळ ठेवून पाहिले. मांस पचवलेल्या कोयोटच्या मूत्राला ते बिचकले, खरबूज खाल्लेल्याच्या मूत्राला तितके नाही. मांसातली प्रथिने मोडताना गंधकयुक्त पदार्थ तयार होतात, आणि भक्ष्य त्यांचा वास ओळखते.

नासलेल्या अंड्याचा वासही गंधकाचाच. बाजारातल्या अनेक प्रभावी फवाऱ्यांत अंडे असते, ते याच कारणाने. घरी करायचे तर एक भाग अंडी आणि चार भाग पाणी चांगले घुसळावे. बलकाला चिकटलेला पांढरा दोरा आधी काढून टाकावा, नाहीतर तो पंपाच्या तोंडात अडकतो. वाळल्यावर माणसाच्या नाकाला हा वास फारसा जाणवत नाही. महिन्याभराने फवारा पुन्हा मारावा लागतो. पानांवर डाग राहतात, तेव्हा प्रदर्शनात न्यायच्या झाडाला तो नको. पालेभाजीवर तर मुळीच नको. चरबीपासून केलेल्या साबणाच्या वड्या टांगण्याचा उपायही तपासला गेला आहे. त्याने फरक पडतो, पण वडीपासून मीटरभरच.

हालचाल टिपून पाण्याचा झोत सोडणारे यंत्र हरणाला दचकवते. ते एकाच जागी राहिले, तर हरीण त्याला सरावते, आणि कडाक्याच्या थंडीत पाणीच गोठते. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या डब्यांवर पैसे घालवू नयेत.

यातला कुठलाही उपाय हरणाला अडवत नाही. तो फक्त तुमचे झाड इतरांच्या मानाने नकोसे करतो. आसपास दुसरा चारा असेपर्यंत हे चालते. बर्फाखाली सगळे गाडले गेले की भुकेले हरीण गंधकालाही जुमानत नाही. आणि चारा असतो तेव्हा तुमच्याकडून हाकललेले हरीण शेजाऱ्याच्या होस्टाच्या रोपांवर जाते, हेही खरे. माद्या सहसा आईच्याच टापूत राहतात, आणि पाडसे तिच्यामागून फिरत कुठे काय मिळते ते शिकतात. त्यामुळे एकदा सोकावलेला कळप हटवणे जड जाते. पहिला फवारा कोंब फुगू लागताच मारलेला बरा. दुसरा पालवी उलगडल्यावर, कारण फवाऱ्यानंतर आलेल्या पानावर औषध नसते.

कुंडीतल्या झाडाला एक सवलत आहे, ते उचलता येते. हरणे जास्त करून पहाटे आणि तिन्हीसांजेला चरतात, म्हणून मोलाच्या कुंड्या संध्याकाळी पायऱ्या चढवून वरच्या डेकवर न्याव्यात. हिवाळ्यात थंड हवामानातली बोन्साय गरम न केलेल्या गॅरेजमध्ये ठेवायची पद्धत आहेच. कुंडीतली मुळे गोठू नयेत म्हणून ती पडली, पण ऐन भुकेच्या महिन्यांत झाडे हरणांपासूनही दूर राहतात.

जमिनीत लावायच्या झाडांसाठी रटगर्स विद्यापीठाची यादी पाहावी. तीत झाडांची प्रतवारी हरणांकडून होणाऱ्या नुकसानीवरून केली आहे. बॉक्सवूड आणि डॅफोडिल क्वचितच खाल्ले जातात. यू आणि आपल्या मोरपंखीचा अमेरिकेतला नातलग थुजा हे वारंवार आणि जबर नुकसान होणाऱ्यांत येतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या मागे घेवड्याचा मांडव असतो, तोही हरणांच्या आवडीचा. तो घराच्या भिंतीलगत, वर्दळीच्या दाराजवळ घालावा.