सीमाशुल्काचा परतावा : आधी आकारणी, मग अर्ज

समजा, तुम्ही परदेशातून एक यंत्रभाग बंगळुरू विमानतळावर मागवला. बिल ऑफ एंट्री भरताना लागू असलेली सवलत घ्यायची राहिली आणि १,००,००० रुपये जादा भरले गेले. ते परत कसे मिळवाल?

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २७ मध्ये उत्तर सोपे दिसते : शुल्क भरल्यापासून एक वर्षात अर्ज करा. बरेच विद्यार्थी उत्तर इथेच संपवतात. पण २०११ पासून आयातदार शुल्काची आकारणी स्वतःच करतो. ही स्व-आकारणीदेखील एक आदेशच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी आयटीसी प्रकरणात ठरवले. तो आदेश बदलून घेतल्याशिवाय परतावा मिळत नाही. परताव्याचा अर्ज पाहणारा अधिकारी आकारणी नव्याने करू शकत नाही.

आता मुदती पाहा. अपिलासाठी कलम १२८ नुसार ६० दिवस, सबळ कारण असल्यास आणखी ३०. म्हणजे वर्षभर वेळ आहे असे समजून पाचव्या महिन्यात जागे झालात, तर अपिलाची वाट बंद झालेली असते. अपील जिंकलात तर मात्र परताव्याचे एक वर्ष त्या निकालापासून मोजतात.

अपील कुठे करायचे? हा प्रश्न बंगळुरूत खरोखर उभा राहिला. ८ जून २०२० रोजी चेहराविरहित आकारणीचा पहिला टप्पा बंगळुरू आणि चेन्नई इथे सुरू झाला, तोही यंत्रे व विद्युत उपकरणे यांच्यासाठी (प्रकरण ८४ व ८५). माल बंगळुरूत, तपासणारा अधिकारी चेन्नईत, असे होऊ लागले. तरी अपील माल जिथे आला तिथल्याच आयुक्तांकडे (अपील) ठेवले गेले. आयातदाराच्या दृष्टीने हे योग्यच झाले.

अपिलाशिवाय दुसरा मार्ग आहे का? मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये डायमेन्शन डेटा प्रकरणात कलम १४९ व १५४ खालील दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली. पुढे २०२५ च्या वित्त अधिनियमाने कलम १८अ आणले. माल सुटल्यावरही आयातदार आपली नोंद स्वतःहून सुधारू शकतो, आणि परतावा मागणारी सुधारित नोंद हाच कलम २७ खालील दावा मानला जातो.

तरीही एक अडचण उरते : शुल्काचा बोजा कोणी सोसला? तो किमतीत घालून ग्राहकाकडून वसूल केला असेल, तर रक्कम तुम्हाला न मिळता ग्राहक कल्याण निधीत जाते. बोजा पुढे ढकलला नाही, हे सिद्ध करणे तुमच्याकडे. त्यामुळे हिशेबात ती रक्कम खर्चात न टाकता ‘येणे’ म्हणून दाखवलेली आहे का, हे आधी पाहतात.