गळतीचा माग : जुन्या पिकअपचे केबिन कोरडे ठेवण्याचे काम

जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये पाणी जिथे साचलेले दिसते, तिथूनच ते आत आलेले असते असे क्वचितच घडते. टपाच्या कडेला शिरलेला थेंब खांबाच्या पोकळीतून खाली उतरतो, डॅशबोर्डमागच्या पत्र्यावरून आडवा सरकतो आणि शेवटी क्लीनरच्या पायाखालच्या मॅटमध्ये मुरतो. कौलारू घरात कौल फुटलेले असते एका जागी आणि ठिबकते दोन हात पुढे, तसाच हा प्रकार. म्हणून या कामात खरे कसब माग काढण्याचे आहे. जागा सापडली की दुरुस्ती त्यामानाने सोपी. आधी सिलिकॉनची नळी हातात घेतली की मूळ छिद्र तसेच राहते आणि वरून पाण्याची बाहेर जाण्याची वाट मात्र बुजते.

पहिला प्रश्न, पाणी कोणते? पावसाशिवायही मॅट ओली होत असेल तर संशय एसीवर घ्यावा. एसीच्या थंड जाळीवर हवेतली वाफ जमते आणि ते पाणी एका बारीक नळीने गाडीखाली पडायला हवे. दमट हवेत एसी वीस मिनिटे चालवूनही खाली थेंब पडत नसतील, तर नळीत धूळ अडकली आहे. खालच्या टोकाने हलक्या दाबाची हवा मारली की बहुधा ती मोकळी होते. हीटर असलेल्या गाडीत तिसरी शक्यता कूलंटची. ते बोटाला चिकट लागते, गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट धुके धरते. चव घेऊन मात्र कधीही पाहू नये, कारण त्यातले ग्लायकॉल विषारी असते. उरते ते पावसाचे पाणी, आणि शोध खरा त्याचाच.

पिकअप गळू लागते याचे मूळ तिच्या बांधणीत आणि कामात आहे. वजन पेलते ती खालची चासी. केबिन तिच्यावर रबरी गुटक्यांवर बसवलेले असते. भरल्या हौद्याने खड्ड्यांतून जाताना चासी पिळवटते आणि त्या पिळाचा वाटा केबिनलाही मिळतो. केबिनचे पत्रे ठिकठिकाणी वेल्डिंगचे टाके घालून जोडलेले असतात आणि सांध्यांवर सीलरची पट्टी असते. वर्षांनुवर्षांच्या उन्हाने ती सुकते, पिळाने तडकते. कोकणात यात खाऱ्या हवेची भर पडते. मासळी वाहणाऱ्या गाड्यांमध्ये तर बर्फाचे खारट पाणी हौद्यातून चासीवर आणि केबिनच्या मागच्या पत्र्यावर सतत झिरपत असते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात सुईएवढे छिद्रही चार महिने लपून राहत नाही.

वाटांपैकी पुढच्या काचेची वाट सर्वांना आधी आठवते. जुन्या गाड्यांत काच रबराच्या पन्हाळीत बसवलेली असते. रबर आखडले की आधी कोपरे उघडे पडतात. नंतरच्या गाड्यांत काच युरेथेनने चिकटवतात. काच एकदा बदललेली असेल आणि त्या वेळी कडेचा गंज न खरवडता चिकट थर दिला असेल, तर गळती तिथेच सुरू होते. त्याहून अधिक दुर्लक्षित जागा म्हणजे वायपरखालची जाळी. ब्लोअरची हवा तिथूनच आत येते आणि पावसाचे पाणीही आधी त्याच खोबणीत उतरते. आंब्याच्या किंवा वडाच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पाने कुजून निचऱ्याची भोके बुजतात, खोबण भरते आणि पाणी ब्लोअरमधून थेट आत ओतते. हा दोष हाताने दूर होतो. त्याला सीलंट लागतच नाही.

दाराबाबत मोठा गैरसमज आहे. दाराच्या आत पाणी शिरणे हा दोष नव्हे. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडे पाणी आत जाणारच, असे धरूनच दार बनवलेले असते. ते खालच्या भोकांतून बाहेर पडते. ते केबिनकडे येऊ नये म्हणून आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काच वरखाली करणारी यंत्रणा बिघडली की मेकॅनिक तो कागद फाडतो आणि अनेकदा परत लावत नाही. मग मालक दाराचे रबर बदलतो, आणि पाणी तसेच येत राहते. ब्रेक मारताना दारात खळखळ ऐकू आली, तर खालची भोके चिखलाने बंद आहेत. रबराची खरी परीक्षा कागदाच्या पट्टीने होते: पट्टी मध्ये धरून दार लावावे आणि ओढावी. ती सहज निसटली तर रबर दबलेले असते किंवा बिजागरी झिजून दार उतरलेले असते.

टपावरचे कॅरिअर, जादा दिवे, अँटेना यांसाठी पाडलेले प्रत्येक भोक ही नवी वाट असते. मागच्या काचेचे रबर आणि इंजिनाकडून केबिनमध्ये येणाऱ्या वायरींची रबरी बुचेही तपासावी लागतात. अमेरिकेत १९९४ च्या मॉडेल वर्षापासून पिकअपना वरचा तिसरा ब्रेक दिवा सक्तीचा झाला. तो केबिनच्या मागे, टपाच्या कडेजवळ बसतो. त्याचे गॅस्केट वाळले की पाणी छताच्या अस्तरातून सीटमागे उतरते.

चाचणीसाठी सीट, मॅट आणि दारांची पॅडे काढून आतला भाग पूर्ण पुसून घ्यावा. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने हलके पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी आणि एकेका पट्टीला पाच मिनिटे देत वर जावे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्या सांध्यांवरून वाहतात आणि कोणता दोषी ते कळत नाही. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने चांगल्या रबरातूनही पाणी शिरते, म्हणून तो इथे निरुपयोगी. आत टाल्कम पावडर भुरभुरली की ओघळाची रेघ स्पष्ट उमटते. पाण्याने काही सापडले नाही तर काचा बंद करून, बाहेरची हवा घेत ब्लोअर पूर्ण वेगाने चालवावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जिथे बुडबुडे येतात तिथे फट आहे. गाडी उतारावर उभी असतानाच गळत असेल, तर चाचणीही त्याच कलात करावी.

दुरुस्तीत सिलिकॉनचा मोह टाळणे महत्त्वाचे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवते आणि त्याचा अंश राहिला तर पुढे युरेथेन तिथे धरत नाही. सांध्यांवरचा सुटा सीलर खरवडून, गंज घासून, प्रायमर देऊन मगच पीयू सीलंट भरावे. दारामागे जाड प्लास्टिक ब्युटाइल पट्टीने चिकटवावे आणि त्याची खालची कड दाराच्या आत वळवावी. रबरात बसणारी काच घालताना रबराच्या खाचेत दोरी ओवतात आणि आतून ती ओढत ओठ पत्र्यावर चढवतात. आखडलेले जुने रबर पुन्हा वापरण्यात काटकसर नाही.

गळती थांबली तरी मॅटखालचे नमद्यासारखे अस्तर कित्येक आठवडे ओले राहते आणि पत्रा खालून खात राहते. ते काढून उन्हात खडखडीत वाळवावे, सीटखालचे वायरींचे कनेक्टर उघडून हिरवट थर साफ करावा. तळाच्या पत्र्यावर नुसते तांबूस डाग असतील तर घासून झिंक प्रायमर पुरतो. पेचकस टेकवल्यावर आरपार गेला तर तेवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडावा लागतो. तळाला रबरी बुचे असतात. साचलेले पाणी काढण्यासाठी ती उघडली असतील, तर मॅट अंथरण्यापूर्वी परत बसवावीत, नाहीतर चाकाने उडवलेले पाणी तिथून वर येते.